शनीचा दहावा

आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं, तेव्हा शनीला दहावा चंद्र सापडल्याची बातमी इंग्रजी पेपरात आली. एकोणीसशे सहासष्टचा डिसेंबर संपत होता. बातमी आतल्या पानावर, साबणाच्या जाहिरातीला चिकटून, बोटभर जागेत छापलेली. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून सकाळचा पेपर मीच त्यांना वाचून दाखवत असे. ही बातमी मात्र मी वाचली नाही. बाबा त्या आठवड्यात दुसऱ्याच दहाव्याच्या शोधात होते.

आम्ही बेने इस्राएल. पनवेलात आमची एक आळी आहे आणि आळीत आमचं सिनेगॉग, ज्याला गावातले लोक इस्राएलांची मशीद म्हणतात. मेलेल्या माणसासाठी म्हणायची जी प्रार्थना, कद्दीश, ती एकट्याने म्हणता येत नाही. त्यासाठी दहा पुरुष हजर लागतात. नऊ असले तर बाकीची प्रार्थना होते, पण कद्दीश होत नाही. मी लहान होते तेव्हा हे दहा कधी कुणी शोधले नाहीत. सणाला तर दारात चपलांचा ढीग पडायचा. मग एकेक घर इस्रायलला निघालं. माझा भाऊही गेला. आईच्या आजारपणात तो तिकडेच होता, आणि मुलाने म्हणायचा कद्दीश बाबाच म्हणू लागले. दिवाळीपर्यंत दहा-बारा जमत होते. दिवाळीनंतर आमच्या समोरचं घर बंद झालं, बाप आणि दोन मुलगे एकदमच गेले, आणि आळीत नऊ उरले.

आईचा वर्षदिवस आमच्या पंचांगाने शनिवारी येत होता. त्या दिवशी तरी कद्दीश व्हावा, एवढंच बाबांना हवं होतं. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. ते फक्त जेवताना मध्येच थांबायचे आणि गावोगावच्या आमच्या माणसांची नावं एकेक करून मनाशी म्हणायचे. हा अलिबागचा झोपूनच आहे, तो ठाण्याला मुलाकडे गेला, अशी. शेवटी पेणचे काका उरले. ते आईच्या माहेरच्या नात्यातले. लहानपणी आईला खांद्यावर घेऊन त्यांनी नदी ओलांडली होती, असं ती सांगायची. त्यांना निरोप गेला. शनिवारी आम्ही प्रवास करत नाही, तेव्हा शुक्रवारी दिवस बुडायच्या आत या, असा. उत्तर आलं नव्हतं.

आमच्या शेजारी हायस्कूलचे विज्ञानाचे मास्तर राहत. त्यांनी चोरबाजारातून एक पितळी दुर्बीण आणली होती आणि तिच्या तिवईचा एक पाय वेळूचा करून घेतला होता. बाबा पोस्टातून निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी दोघे आमच्या ओट्यावर बसत. मास्तर हिंदू, घरात शनीला तेल वाहणारे, आणि शनीलाच दुर्बिणीतून बघणारे. त्यांना त्यात काही अडचण वाटत नसे.

"तुमचा वार शनीचा, आमची साडेसाती शनीची," ते बाबांना म्हणायचे. "आपलं नातं फार जुनं आहे, पोस्टसाहेब."

कोकणात आमच्या लोकांना पूर्वी शनवार तेली म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी बैल सोडून देत. काहीजणांना ते नाव झोंबायचं. बाबांना नाही. ते म्हणायचे, घाणा गेला, बैल गेला, शनवार तेवढा उरलाय.

बातमी मी मास्तरांना दाखवली. ते ती दोनदा वाचून मोठ्याने हसले, लहान मुलासारखे. मग म्हणाले की शाळेच्या फळ्यावर लावायला याचं मराठी कर. मी घाबरले. माझं शिक्षण मुंबईला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत झालेलं. घरात मराठी बोलत असू, पण मराठी लिहायची वेळ माझ्यावर फारशी आली नव्हती. मला इंग्रजीतला एकच शब्द माहीत होता, जो आपल्या चंद्रालाही चालतो आणि शनीच्याही. मास्तर म्हणाले, चंद्र एकच, बाकीचे उपग्रह. मला उपग्रह हा शब्द कोरडा वाटला, आणि चंद्र लिहिलं तर ते चूक म्हणतील अशी भीती. म्हणून मथळ्यात मी दोन्ही गाळलं आणि ओट्यावर उभी राहून मास्तरांना वाचून दाखवलं.

"शनीचा दहावा सापडला. एवढंच लिहिलं तर चालेल?"

बाबा आत मोरीवर तोंड धूत होते. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि ते तसेच बाहेर आले, ओल्या तोंडाने, हनुवटीवरून पाणी गळत असताना.

"कोण?" ते म्हणाले. "पेणचे आले का?"

मास्तरांना काही कळलं नाही. त्यांनी हातातला कागद वर धरला, जणू तो बाबांना वाचता येणार होता. मला मात्र लगेच कळलं. पाण्याच्या आवाजात बाबांना शनवारचा दहावा असं ऐकू आलं होतं.

"चंद्र, बाबा," मी म्हटलं. "शनीचा चंद्र. नऊ होते, आता दहावा सापडलाय."

बाबांनी खांद्यावरच्या पंचाने तोंड पुसायला सुरुवात केली आणि बराच वेळ पुसत राहिले. पंचा बाजूला केला तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखा झाला होता.

"असं होय," ते म्हणाले. मग मास्तरांकडे वळून, घरी आलेल्याला पाणी विचारावं तशा आवाजात, "केवढा आहे?"

मास्तरांनी तेव्हा जे सांगितलं ते मी बाबांच्या चेहऱ्याकडे न बघता ऐकलं, म्हणून मला ते चांगलं आठवतं. एका टोकाला पनवेल ठेवलं तर दुसऱ्या टोकाला सातारा येईल, एवढाच तो चंद्र. शनीच्या कड्यांना जवळजवळ चिकटून फिरतो आणि आपला एक दिवस संपायच्या आत त्याची फेरी पुरी होते. फ्रान्समधल्या एका माणसाने पहाडावरच्या मोठ्या दुर्बिणीतून त्याचा फोटो काढला. एरवी कड्यांचा उजेडच इतका असतो की त्याच्या शेजारचा हा बारीक ठिपका कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण दर चौदा-पंधरा वर्षांनी ती कडी आपल्याला बरोबर कडेने दिसतात. ताट उभं धरून नुसती त्याची धार बघावी, तशी. तेव्हा उजेड सरतो आणि जवळचं बारीकसारीक दिसू लागतं. ते दिवस थोडेच असतात. मग ताट पुन्हा कलतं.

"म्हणजे तो नवा नाही," बाबा म्हणाले.

"छे हो. आपल्या आधीपासूनचा आहे."

"मग इतके दिवस नऊच का मोजले?"

"दिसला नाही ना."

"दिसला नाही म्हणून मोजला नाही," बाबा म्हणाले, आणि आत गेले.

मास्तरांना तेव्हा मी सगळं सांगितलं. दहा जणांचं त्यांना ठाऊक होतं, पण पेणच्या काकांचं नव्हतं. ते आपल्या ओट्यावर जाऊन बराच वेळ दुर्बिणीच्या वेळूच्या पायावरची दोरी सोडत आणि बांधत राहिले. त्या संध्याकाळी ते पुन्हा आले आणि बाबांना म्हणाले, "मी येतो शनवारी. डोक्याला टोपी घालतो, मागच्या बाकावर उभा राहतो. देवाला कोण सांगायला जातंय?"

बाबा हसले. आई गेल्यावर ते मोठ्याने हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"देवाचं सोडा, मास्तर. ती ओळखेल ना तुम्हाला. म्हणेल, शेजाऱ्याला कशाला त्रास दिलात."

गुरुवारी दिवस मावळल्यावर मास्तरांनी दुर्बीण आमच्या ओट्यावर आणली. शनी नैर्ऋत्येला वर होता, पिवळसर, न लुकलुकणारा. मी पाहिलं तर नेहमीची कडी नव्हती. नुसता एक गोळा, आणि त्याच्यापासून दूर एक ठिपका, तो सर्वांत मोठा उपग्रह. शाळेच्या सुट्टीत घरी आले असताना मास्तरांनी मला हाच शनी दाखवला होता, कान असलेल्या भांड्यासारखा. आता कान कुणी काढून घेतल्यासारखे वाटत होते. दहावा या दुर्बिणीतून दिसणं शक्यच नव्हतं, हे मास्तरांनी आधीच सांगितलं होतं, तरी ते स्वतः डोळा लावून फार वेळ बघत राहिले. मग बाबांना बोलावलं. बाबांनी वाकून बघितलं. त्यांना नुसता पसरलेला उजेड दिसला असणार. तरी ते म्हणाले, छान आहे.

मास्तर बोलता बोलता म्हणाले की आजवर एकदा असंच झालंय. या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी शनीचा दहावा सापडल्याचं जाहीर केलं, त्याला नावही दिलं, आणि पुढे तो कुणालाच दिसला नाही. म्हणून आता लगेच भरवसा ठेवायचा नाही, आणखी कुणाला दिसला तर मोजायचा. हे बोलल्यावर त्यांनी जीभ चावली.

मास्तर गेल्यावर मी बाबांची खुर्ची आत घेत होते. जे मी वर्षभर मनात म्हणत होते ते तेव्हा माझ्या तोंडून निघालं, आणि तेही इतकं हळू की बाबांना मला पुन्हा म्हणायला लावावं लागलं.

"मी उभी राहिले तर? दर शनिवारी असतेच ना मी तिथे."

आमच्यात बायका सिनेगॉगमध्ये वेगळ्या बाजूला बसतात. मी लहानपणापासून तिथेच बसत आले. आईच्या शेजारी, आणि ती गेल्यावर तिच्या जागेवर.

बाबांनी हात पुढे केला आणि चाचपडत माझं मनगट धरलं.

"तू आहेसच गं," ते म्हणाले. "पण मोजणीत नाहीस."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. नियम सांगताना पोस्टातही ते असेच बोलत असणार, खिडकीपलीकडच्या माणसाबद्दल वाईट वाटून. मी खुर्ची आत ठेवली.

शुक्रवारी सकाळी करंजाड्याची कोळीण आली. आम्हाला खवल्याचाच मासा चालतो हे तिला पक्कं माहीत, म्हणून शनिवारसाठी ती जिताडा वेगळा ठेवत असे. पाटी उतरवता उतरवता ती म्हणाली, "ताई, शनी मेला काय गो?"

मी म्हटलं, कोण म्हणालं.

"शालेच्या फल्यावर लिवलाय म्हनतान. शनीचा दहावा. दहावा मेल्याबिगर व्हतो का? मी म्हटला बरा झाला, आमची साडेसाती तरी सुटली."

मास्तर कुंपणापलीकडे दात घासत होते. त्यांना ठसका लागला. माझा मथळा त्यांनी तसाच लावला होता, आणि सगळ्या गावाने तो मेलेल्याच्या दहाव्या दिवसाचा विधी समजून वाचला होता. ते तोंड पुसून म्हणाले, "शनी जिवंत आहे बाई. तुझी साडेसाती पण."

"मंग कशाला लिवता असा," ती म्हणाली. माझ्याकडे वळून तिने आवाज उतरवला. "तुझ्या आयशीचं वरीस हाय ना उद्या? ह्यो मोठा घे. पावनं येतील." त्यातला मोठा मासा तिने बाजूला काढला.

मासा शिजवून, नारळाच्या दुधात सोडून मी झाकून ठेवला. पाहुण्यांसाठी एक ताट जास्त काढलं. मग बाबांनी मला एस. टी. स्टँडवर पाठवलं. पेणची शेवटची गाडी, जिने माणूस दिवस बुडायच्या आत घरी पोचेल, ती चारच्या सुमाराला यायची. मी स्टँडवर एका खांबाला टेकून उभी राहिले. मला गर्दीत उभं राहायला तेव्हाही आवडत नसे, कोण आपल्याकडे बघतंय असंच वाटत राहायचं. गाडी उशिरा आली. माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या, मडकी उतरली. काळी टोपी घातलेला म्हातारा मी दारात शोधत होते. सगळे उतरल्यावर कंडक्टर खाली आला आणि इकडे तिकडे बघून माझ्याकडे आला.

"इस्राएल आळीतल्या का तुम्ही?"

मी मान हलवली.

"पेणच्या काकांचा निरोप आहे. त्यांचे इस्रायलला जायचे कागद आले. परवाच मुलाबरोबर मुंबईला गेले, तिथून विमान. म्हणाले, तुमच्या बाबांना सांगा, फार वाईट वाटलं."

मी त्याचे आभार मानले की नाही, आठवत नाही. ऊन पार खाली आलं होतं आणि शनिवारचा दिवा सूर्य बुडायच्या आत घरातल्या बाईने लावायचा असतो. मी जवळजवळ पळतच निघाले. बाबा ओट्यावर उभे होते. त्यांना माझा चेहरा दिसण्यासारखा नव्हता, पण रस्त्यावर एकाच माणसाची पावलं वाजत होती.

"बरं," ते म्हणाले. "दिवा लाव आधी."

मी आत जाऊन काचेच्या पेल्यात पाणी आणि त्यावर खोबरेल ओतलं आणि वात पेटवली. बाबांनी मनुकांच्या शरबतावर आशीर्वाद म्हटला, आणि आम्ही दोघं जेवलो. जास्तीचं ताट मी उचलून ठेवलं नाही, ते तसंच पालथं पडून राहिलं. मासा चांगला झाला होता. बाबा म्हणाले, हिच्यासारखा झालाय. आईचा उल्लेख ते नेहमी "ही" असाच करत, जणू ती शेजारच्या खोलीत आहे.

शनिवारी सकाळी नऊही जण आले. एकाला ताप होता, तो शाल गुंडाळून आला. आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, तसं करणं चांगलं समजत नाहीत. हिब्रूतली दहा शब्दांची एक ओळ आहे, ती म्हणत एकेका माणसावर एकेक शब्द ठेवायचा. ओळ संपली की दहा झाले. त्या दिवशी ती ओळ म्हणणाऱ्या म्हाताऱ्याने नववा शब्द बाबांवर ठेवला आणि तो थांबला. शेवटच्या शब्दाचा अर्थ सदासर्वकाळ असा काहीतरी आहे. तो त्याच्या ओठांवर आलेला मला माझ्या जागेवरून दिसला. त्याने दाराकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. दारात ऊन होतं आणि रस्त्यावरून एक बैलगाडी चालली होती. गाडीवाल्याने आत एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत म्हणून जरा लाजून बैलांना हाक दिली.

प्रार्थना झाली. कद्दीशची जागा आली तेव्हा पुढे न जाता सगळे थोडा वेळ गप्प उभे राहिले. तसा नियम नाही, पण राहिले. बाबांनी ओठ मिटून घेतले होते. त्यांना ती प्रार्थना तोंडपाठ होती आणि ती त्यांच्या तोंडात होती, हे मला कळत होतं. नंतर त्यांनी प्रार्थनेची शाल घडी करायला घेतली. घडी चुकली, पुन्हा उलगडली. मी बायकांच्या बाजूला एकटीच होते. पलीकडे जाऊन घडी घालून द्यावी असं फार वाटलं, पण तसं कुणी जात नाही, म्हणून गेले नाही.

रविवारी आम्ही कबरस्तानात गेलो. मास्तरही आले, बाहेरच्या भिंतीपाशी थांबले. बाबांनी दगडावर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात सांगितलं, "झालं नाही गं या वर्षी. नऊच होते."

फेब्रुवारीत मी मास्तरांना आणखी एक बातमी वाचून दाखवली. त्या उपग्रहाला रोमन लोकांच्या एका देवाचं नाव सुचवलं होतं. हा देव दारावर असतो आणि त्याला दोन तोंडं असतात, एक येण्याच्या बाजूला, एक जाण्याच्या. पुढे मुंबईतल्या वाचनालयातून मी एक-दोन मासिकं आणली. वेगवेगळ्या वेधशाळांनी टिपलेले ठिपके एकाच फेरीच्या गणितात नीट बसत नव्हते, असं त्यांत होतं. कडी पुन्हा कलू लागली होती, उजेड वाढला होता, आणि तो आता कुणालाच दिसत नव्हता. मास्तरांनी वर्गातल्या तक्त्यावर शनीपुढे दहा लिहिले होते, ते त्यांनी खोडले नाहीत. पुन्हा धार समोर येईल तेव्हा मी सत्तरीचा असेन, असं म्हणाले.

तोवर आमच्या घरी ठरलं होतं. ठरवलं कुणी असं नाही. भावाचं पत्र आलं की त्याच्या इमारतीच्या खालीच सिनेगॉग आहे आणि रोज सकाळी पंचवीस-तीस माणसं असतात. मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पंचवीस-तीस हा भाग पुन्हा वाचायला लावला. त्यानंतर ते पनवेलबद्दल बोलेनासे झाले. पुढचा वर्षदिवस यायच्या आत ते भावाकडे इस्रायलला गेले. मला मुंबईच्या एका शाळेत नोकरी लागली होती आणि मी मागाहून येईन असं सांगितलं. मी का गेले नाही हे मला कुणी नीट विचारलं नाही, आणि मीही सांगत बसले नाही. आळीत आठ राहिले.

त्या वर्षी वर्षदिवस आडवारी आला. मी शाळेत रजा टाकून पनवेलला आले आणि एकटीच कबरस्तानात गेले. दगडावर झाडाची पानं पडली होती, ती झाडली. कद्दीश मला येत नाही. ऐकून ऐकून सुरुवात येते, पण ती प्रार्थना आम्हा बायकांना कुणी शिकवत नाही, आणि एकट्याने म्हणायची नसतेच. मी दगडापाशी बसले. भिंतीपलीकडून कुणीतरी मिठाच्या पोत्यांची गाडी हाकत गेलं.

मग मी आईला सांगितलं की आज बाबांकडे दहा आहेत. दहाहून जास्तच आहेत. त्यांतलं बाबांशिवाय आणि भावाशिवाय कुणी तिला ओळखत नाही, ते सांगितलं नाही.